रिकामा केग परत करू नये

बिअर घरी करणं एकदम सोपं असतं, हे मला देवव्रतने सांगितलं. देवव्रत आमच्या ऑकलंडच्या मराठी मंडळाचा खजिनदार. जगातली कुठलीही गोष्ट त्याला एकदम सोपी वाटते, कारण त्यातली एकही त्याने स्वतः केलेली नसते. व्हिडिओ मात्र सगळ्यांचे पाहिलेले असतात. मागच्या वर्षी त्याच्याच सल्ल्याने मी आमचं वॉशिंग मशीन दुरुस्त केलं होतं. ते आता अंगणात असतं आणि त्यावर आम्ही कुंड्या ठेवतो. तरीही मी त्याचं ऐकलं. माणूस अनुभवातून शिकतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा मला येऊन भेटावं.

खरं सांगायचं तर मला बिअर आवडतच नाही. कडूच प्यायचं तर काढा काय वाईट, असं माझं प्रामाणिक मत. पण प्रश्न आवडीचा नव्हता, इज्जतीचा होता.

मी पेनरोजमधल्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर आहे. आम्ही दुधाच्या स्टीलच्या टाक्या बनवतो. इथे येण्याआधी चिंचवडला मी बारा वर्षं प्रेशर व्हेसल्स डिझाइन केली, म्हणजे ज्यांच्या आत दाब असतो आणि ज्या फुटल्या की पेपरात येतात अशा टाक्या. माझी एकही पेपरात आली नाही. एवढ्या कर्तृत्वाचा माणूस दर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या ड्रिंक्सना हातात लेमोनेडचा ग्लास धरून कोपऱ्यात उभा असायचा. मंडळींचं पिऊन झालं की माझ्या हातात कंपनीच्या व्हॅनची किल्ली यायची. "गुरू, मेट, यू आर अ लेजंड!" असं ओरडत सगळे मागे चढायचे आणि मी एकेकाला त्याच्या दारात उतरवत हिंडायचो. गुरुदत्त हे नाव त्यांच्या जिभेला झेपत नाही, म्हणून मी गुरू. पण शिष्यांना घरपोच करणारा गुरू आपल्या परंपरेत तरी मी ऐकलेला नाही.

अशात आमचे टीम लीडर नेव्हिल निवृत्त व्हायचे ठरले. त्यांची जागा माझी होती. हे मला ठाऊक होतं, माझ्या टाक्यांना ठाऊक होतं, फक्त आमचा साहेब ग्लेन याला ठाऊक नव्हतं. ऑफिसात नाव चाललं होतं टॉडचं. टॉड घरी बिअर करतो आणि केग भरून ऑफिसात आणतो. केग म्हणजे बिअरचं स्टीलचं उभं पिंप. त्या केगपाशी ग्लेन तास तास उभा राहतो. माझ्या टाकीपाशी तो कधी चहा संपेपर्यंतही थांबला नव्हता. दोन आणि दोन मी चार केले.

"तुला टीम लीडर व्हायचंय ना? मग ग्लेनला सांग की सरळ," मृदुला म्हणाली. मृदुला माझी बायको.

"म्हणजे तोंड उघडून मागू? आपलं काम बोलतं."

"तुझं काम चार वर्षं बोलतंय आणि तू गाडी चालवतोयस. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, गुरुदत्त."

आमच्या घराण्यात कुणी कधी काही मागितलेलं नाही. वडिलांनी आयुष्यात बढती मागितली नाही आणि त्यांना ती मिळालीही नाही, पण मागितली नाही याचा त्यांना जन्मभर अभिमान होता. तेव्हा मी ठरवलं की डिसेंबरात कंपनीचं वर्षअखेरचं बार्बेक्यू असतं, त्याला आपण स्वतः केलेला बिअरचा केग न्यायचा. ग्लेन आपल्या केगपाशी तासभर उभा राहील आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच उमगेल.

साधी माणसं प्लास्टिकच्या बादलीत बिअर आंबवतात. पण चिंचवडची बारा वर्षं मला बादलीत हात घालू देईनात. मी दाबावर चालणारा फर्मेंटर मागवला. पारदर्शक, खाली निमुळता, तीन पायांवर उभा, डोक्यावर दाब दाखवणारी तबकडी आणि जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह. चार वर्षांनी घरात एक प्रेशर व्हेसल आलं म्हणून मला भरून आलं होतं. मृदुलाने एवढंच विचारलं की गाडी आता कुठे ठेवायची.

दाबासाठी गॅसचा सिलिंडर लागतो. तो मी टाकानिनीच्या एका माणसाकडून जुना घेतला आणि पेनरोजच्या एका गॅस डेपोत भरायला नेला. काउंटरवरच्या माणसाने सिलिंडर उलटा-सुलटा करून मानेवरचा शिक्का वाचला आणि म्हणाला, "टेस्टची तारीख उलटून गेलीय. भरता येणार नाही."

"मी स्वतः प्रेशर व्हेसल इंजिनिअर आहे," मी छाती काढून म्हणालो.

"गुड ऑन यू, मेट. तारीख तरीही उलटलेलीच आहे."

टेस्ट करणाऱ्यांकडे गेलो तर ते म्हणाले, सिलिंडर मुळात ज्या कंपनीच्या मालकीचा आहे तिचं पत्र आणा. ज्याच्याकडून घेतला तो म्हणाला, मलाही आधीच्या भाडेकरूने दिला, तो आता ब्रिस्बेनला असतो. मी मुकाट्याने डेपोत परत गेलो आणि त्याच माणसाकडून नवा सिलिंडर भाड्याने घेतला. जुना सिलिंडर अंगणात वॉशिंग मशीनशेजारी गेला.

याच सुमाराला सासूबाई आल्या. मालतीबाई माझ्या सासूबाई, मुक्काम सहा महिने. सोबत चकलीची भाजणी, मेतकूट आणि कोकमाचं आगळ पाच बाटल्या. विमानतळावर त्यांनी सगळं स्वतःहून दाखवलं आणि बॅगा तपासणाऱ्या पोरीला कोकम पित्तावर कसं घ्यायचं ते समजावून सांगितलं म्हणे. तिने सगळं सोडलं, बहुधा रांग वाढली म्हणून.

गॅरेजमधलं प्रकरण पाहून त्यांनी विचारलं, "हे हो काय, गुरुदत्तराव?"

"जवाचं पाणी, आई. मूतखड्यावर चांगलं," मी म्हणालो. यात धडधडीत खोटं एकही अक्षर नव्हतं. बिअर जवाचीच असते, पाण्यातच करतात आणि मूतखडा मला दोन हजार बारा साली होऊन गेला होता.

"चांगलं करता," त्या म्हणाल्या. मी नळ्या, चाव्या, झाकणं सगळं जंतुनाशकात बुडवून घेतो, एकदा धुतलेल्याला कुणाला हात लावू देत नाही, आणि आतल्या रसाला बाहेरची हवासुद्धा लागलेली चालत नाही, हे पाहून तर त्यांचा माझ्याविषयीचा आदर एकदम वाढला. "इतकं सोवळं आमच्या आजेसासूबाईंनीही पाळलं नाही हो," असं त्यांनी पुण्याला फोन करून सांगितलं. लग्नाला बारा वर्षं झाली, माझ्याबद्दल पुण्याला चांगला फोन जायची ही पहिलीच वेळ.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला त्यांनी घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. माझा लॅपटॉप, मृदुलाचा मिक्सर, आमच्या मुलीची, ओवीची, स्कूटर आणि गॅरेजमध्ये फर्मेंटर आणि मी नुकताच घेतलेला केग. सगळ्यांना हळद-कुंकवाचं बोट लागलं. केगवरचं कुंकू पुसू नका असं त्यांनी बजावलं. मी पुसलं नाही. इंजिनिअर झालो तरी पहिल्या बिअरच्या आधी कोण उगाच वाकडं घेणार?

पहिली बिअर मात्र वाकडी ती वाकडीच गेली. आंबून होत आली तेव्हा देवव्रतने फोनवर सांगितलं की आता वरून हॉप्स टाक, म्हणजे वास छान येतो. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, त्यांच्या हिरव्या गोळ्या मिळतात.

"दाब आहे रे आत," मी म्हणालो.

"सोड ना मग. झाकण उघड, टाक, बंद कर. एकदम सोपं."

ज्या माणसाने बारा वर्षं 'दाब असताना झाकण उघडू नये' अशा पाट्या स्वतः लिहून टाक्यांवर लावल्या, त्या माणसाने दाब घाईघाईत सोडला, झाकण उघडलं आणि गोळ्यांची मूठ आत टाकली. बिअरमध्ये मुरलेला सगळा गॅस त्या गोळ्यांना धरून एकदम वर आला. हिरवा फेस छताला लागला, तिथून माझ्या डोक्यावर आला आणि मग वाळत घातलेल्या ओवीच्या पोहण्याच्या टॉग्जवर गेला. सासूबाई दारात उभ्या होत्या. "मूतखड्याचं औषध जोरदार दिसतंय," एवढंच त्या म्हणाल्या.

"बाबा, दॅट वॉज ऑसम! डू इट अगेन!" ओवी म्हणाली. ओवीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मराठीत द्यायचं नाही हा तिचा बाणा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराची तपासणी होती. इथे भाड्याचं घर नीट ठेवलंय की नाही हे पाहायला दर तीन महिन्यांनी एजन्सीची बाई येते. आमच्याकडे येते ती विनिता, मूळची फिजीची. तिने गॅरेजचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यावरच थबकली. समोर नळ्या, तबकड्या, गॅसचा सिलिंडर, छतावर हिरवे डाग आणि आंबूस वास. त्या काळात न्यूझीलंडभर एकच धास्ती होती की भाडेकरू गॅरेजमध्ये नशेची पावडर शिजवतात. विनिता दोन पावलं मागे सरली आणि फोन काढून फोटो घेऊ लागली.

"हे काय आहे, मिस्टर गुरुदत्त?"

सासूबाई मागेच होत्या. त्यामुळे तोंडातून बिअर हा शब्द निघेना. मी म्हणालो, "हेल्थ ड्रिंक."

पावडर शिजवणारा प्रत्येक माणूस नेमकं हेच म्हणत असणार, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. माझ्यासमोर तुरुंग, हकालपट्टी आणि परतीचं विमान असं सगळं ओळीने उभं राहिलं. तेवढ्यात सासूबाईंनी तिच्या हातात कोकम सरबताचा ग्लास दिला आणि हिंदीत म्हणाल्या, "दामाद को पथरी है. पहले ये पियो, धूप में आयी हो." ती प्यायली. मग दुसरा ग्लास मागून प्यायली. तिसऱ्याच्या वेळी मी हळूच तिला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. "घरी पिण्यापुरती करा की खुशाल, कायद्याने चालतं," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळी हे सगळं नजरेआड ठेवा. मला रिपोर्ट लिहायचा असतो."

म्हणून गॅरेजमधली दिसणारी प्रत्येक वस्तू कपाटात नाहीतर जुन्या फ्रिजमध्ये जायला लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे माझा घात हिनेच केला.

दुसरी बिअर मी देवव्रतचा फोन न घेता केली. ती सुरेख जमली. सोनेरी, स्वच्छ, तबकडीवरचा काटा शहाण्या मुलासारखा एका जागी. आता प्रश्न होता तो फर्मेंटरमधून केगमध्ये न्यायचा. नळीने, दाबाने, हवेचा स्पर्श न होता. आधी पाण्याने रंगीत तालीम करावी म्हटलं, तर त्यासाठी आणखी एक केग हवा. तो मी शेजारच्या इवानकडून मागून आणला.

इवानचे आजोबा क्रोएशियातल्या डॅल्मेशियाहून हेन्डरसनला आले आणि त्यांनी इथे द्राक्षं लावली. मळे गेले, घरं आली. आता इवानकडे मांडवावर एक वेल आहे आणि तो त्याचीच वाइन करतो. बिअरबद्दल त्याचं मत असं की द्राक्षं पिकेपर्यंत ज्यांना धीर निघत नाही ते बिअर करतात. केग त्याच्या मुलाचा होता. मुलगा पर्थला गेला, केग इथे राहिला. "घेऊन जा, तसाही रिकामाच आहे," असं म्हणून त्याने तो कुंपणावरून दिला. बिचारा दिवसभर वेलीखाली एकटाच बसलेला असे.

तालमीच्या दिवशी केगचं झाकण मला काही केल्या बसेना. ते लंबगोल असतं आणि आतून बसतं. अर्धा तास मी घाम गाळला. सासूबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं, तिरकं करून आत सोडलं, वळवून वर ओढलं, खटका दाबला. "कुकरचं तर झाकण आहे," त्या म्हणाल्या. मी विषय बदलला.

तालीम झाली, मग खरा प्रयोग झाला, आणि माझ्या केगमध्ये बिअर थेंबही न सांडता भरली गेली. माझा केग, म्हणजे कुंकू लावलेला, आणि इवानचा केग, म्हणजे बिनकुंकवाचा. एरवी दोन्ही जुळे भाऊ. दोन्ही विनिताच्या भीतीने जुन्या फ्रिजमध्ये गेले. माझ्या केगला गॅसची नळी लावली आणि मी निश्चिंत झालो.

सासूबाई मात्र निश्चिंत नव्हत्या. "इवानरावांचं पिंप अजून आपल्याकडेच आहे. दुसऱ्याचं भांडं असं मुक्कामाला ठेवू नये."

"देतो, आई. बार्बेक्यू झालं की देतो."

"आणि रिकामं देऊ नका. भांडं परत करताना त्यात काहीतरी घालून द्यावं."

मी "हो हो" म्हणालो. साखरेची वाटी आणि एकोणीस लिटरचा केग यांत फरक असतो, असं मला वाटत होतं. त्यांना तसं वाटत नव्हतं. बार्बेक्यूच्या दोन दिवस आधी, मी ऑफिसात असताना, त्यांनी इवानचा केग फ्रिजमधून काढायला मध्ये येणारी नळी उपसून ठेवली, केगमध्ये आगळाच्या उरलेल्या चार बाटल्यांचं सरबत केलं, जिरं, सैंधव, साखर घालून गाळून भरलं, झाकण कुकरसारखं बसवलं आणि भरलं भांडं दुसऱ्याच्या घरी जायचं म्हणून त्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट लावून तो गार व्हायला परत आत ठेवला. इकडे माझ्या केगवरचं खंडेनवमीचं कुंकू फ्रिजच्या दमट गारव्यात केव्हाच ओघळून गेलं होतं.

संध्याकाळी मी फ्रिज उघडला. नळी निघालेली. कुंकवाचा केग समोर. मी चुकचुकलो, नळी त्याला पुन्हा जोडली, दाब चांगला वाढवला आणि गॅस नीट मुरावा म्हणून केग मांडीवर घेऊन बराच वेळ झोके दिले. मृदुला म्हणाली, ओवी तान्ही असताना एवढा वेळ दिला असतास तर बरं झालं असतं.

शुक्रवारी दुपारी कारखान्याच्या आवारात बार्बेक्यू पेटलं. सॉसेजेस भाजत होते, ऊन मस्त होतं, सगळे शॉर्ट्स आणि जँडल्सवर, म्हणजे रबरी चपलांवर. मी टेबलावर केग ठेवला, नळ बसवला. मंडळी ग्लास घेऊन गोळा झाली. ग्लेन पुढे, शेजारी हाताची घडी घालून टॉड. मी दोन शब्द बोललो. दाब, तापमान, बंद नळीतून नेणं, असं बरंच. ग्लेन चक्क ऐकत होता. चार वर्षांत पहिल्यांदा. मी नळ ओढला.

ग्लासात गुलाबी धार पडली.

मी नळाकडे पाहिलं. मग केगकडे, कुंकवाकडे. वरचा गुलाबी फेस पाहिला आणि वास आला. जिऱ्याचा. क्षणात मला सगळं कळलं. माझ्या हातातून टॉडने ग्लास घेतला, उजेडात धरला, हुंगला, घोट घेऊन तोंडात घोळवला आणि डोळे मिटले. आता हा माणूस सगळ्यांसमोर माझी उरलीसुरली अब्रू काढणार, म्हणून मीही मिटले.

"गोझे," टॉड म्हणाला. "फळ घातलेली गोझे."

गोझे ही एक जर्मन बिअर असते म्हणे, आंबट आणि मीठ घातलेली, हे मला त्याच दिवशी कळलं. टॉडने मंडळींना तिचा इतिहास सांगितला. मिठाचं प्रमाण अचूक आहे, मसाला धाडसी आहे, आणि मागे राहणारी ती तुरट चव फार अनुभवी हातालाच जमते, असं तो म्हणाला. मी "ॲक्चुअली" म्हणून तोंड उघडलं होतं. पण तोवर ग्लेनने ग्लास रिकामा करून पुढे केला होता. "हीप्स गुड, गुरू! स्वीट ॲज!" त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. तो खांद्यावर असताना खरं सांगणं मला जमलं नाही. कुणाला जमलं असतं?

आणि मग अघटित घडलं. त्यांना चढायला लागली. चार-पाच ग्लास कोकम सरबत पोटात गेल्यावर हिशेबाच्या खात्यातला एकजण शर्ट काढून नाचला. नेव्हिल माझ्या गळ्यात पडून आपल्या मेलेल्या कुत्र्यासाठी रडले. टॉड म्हणाला की ही गुपचूप चढते, गोझेचं हेच वैशिष्ट्य. एक मी सोडून आवारात कुणीही शुद्धीवर नव्हतं, आणि दुसरी बाटली कुणी उघडलीच नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या पोटात एक थेंबसुद्धा दारू नव्हती.

शेवटी नेहमीप्रमाणे किल्ली माझ्या हातात आली. "तुमचे तुम्ही जा, तुम्ही साफ शुद्धीवर आहात," असं म्हणायची सोय नव्हती. मी त्यांना गाडीत चढवलं. टॉडने घरी उतरल्यावर फाटकाला मिठी मारली. सगळे उतरले आणि शेवटी उरला ग्लेन. तो पुढच्या सीटवर काचेला डोकं लावून बसला होता.

"गुरू," तो एकदम म्हणाला, "टाक्यांमधलं तुझ्याएवढं आमच्यात कुणाला कळत नाही. मला ठाऊक आहे. नेव्हिलची जागा तुझीच. पण तू कधी मागितलीच नाहीस, मेट. टॉडने मागितली. मला वाटलं, तुला पाचला घरी जायचं असतं." मग त्याने माझा हात हातात घेतला. "जागा तुझी. सोमवारी सांगतो सगळ्यांना."

घरी येईपर्यंत मी गाणं म्हणत होतो. गल्लीत शिरलो तर सासूबाई इवानच्या वेलीखाली खुर्चीत बसलेल्या, पुढे चकल्यांची ताटली. इवानच्या हातात उंच ग्लास, त्यात माझी सोनेरी बिअर. शेजारी टेबलावर माझा केग, ताजं कुंकू लावलेला.

"तुम्ही गेल्यावर फ्रिजमध्ये एकच पिंप उरलं होतं, कुंकू गळून गेलेलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं हेच असणार. पुन्हा बोट लावलं आणि ओवीच्या मदतीने ढकलगाडीवरून आणलं. इवानरावांनी नळ सोडला तेव्हा कळलं की तुमचं मूतखड्याचं औषध इकडे आलं."

"आई, ते खरं म्हणजे..."

"अहो, बिअर आहे ती. मी आले त्याच दिवशी वास ओळखला. माझे वडील अबकारी खात्यात होते, गुरुदत्तराव. आमच्या अंगणात जप्तीची पिंपं असायची. तुम्ही सांगाल म्हणून मी वाट पाहत होते."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इवान मात्र खुशीत होता. "बिअरच्या मानाने," तो म्हणाला, "वाईट नाही." मग म्हणाला, "मुलगा गेल्यापासून या अंगणात केगचा नळ कुणी सोडला नव्हता." त्याने ग्लास पुन्हा भरला आणि सासूबाईंनी त्याच्यापुढे चकल्या सरकवल्या. दोघांना एकमेकांचं एकही वाक्य कळत नव्हतं आणि दुपारपासून दोघं गप्पा मारत होते.

सोमवारी ग्लेनने मला केबिनमध्ये बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो.

"गुरू, शुक्रवारी व्हॅनमध्ये मी काही बोललो असेन तर मनावर घेऊ नकोस," तो कागद चाळत म्हणाला. "आय वॉज स्मॅश्ड, मेट. काही म्हणजे काही आठवत नाही. आणि नेव्हिलच्या जागेचं म्हणशील तर टॉडचं जवळजवळ ठरलंय."

पृथ्वीवर एकच माणूस असा होता की ज्याला ठाऊक होतं, ग्लेनला सगळं नीट आठवत असणार. तो माणूस मी होतो. बोललो तर टॉडने गौरवलेली माझी कला मातीत, आणि गप्प राहिलो तर टॉड लीडर, मी व्हॅनचा ड्रायव्हर, रिटायर होईपर्यंत. वडील आठवले. त्यांचा तो अभिमान आठवला, आणि सेवानिवृत्तीच्या दिवशी घरी आल्यावर चप्पल न काढता ओट्यावर बसून राहिलेले वडीलही आठवले. माझ्या आतला दाब चढत चढत व्हॉल्व्हपर्यंत आला.

"ग्लेन," मी म्हणालो, "ती बिअर नव्हती. सरबत होतं. कोकम नावाचं फळ. माझ्या सासूबाईंनी केलं होतं. दारू शून्य टक्के."

ग्लेनचे हात थांबले. "शून्य?"

"थोडं जिरं होतं."

"पण मला चढली होती."

"हो."

"नेव्हिल रडले!"

"हो. ते मनापासून असणार."

ग्लेनचा चेहरा हळूहळू कोकमाच्या रंगाचा झाला. तो उठून खिडकीपाशी गेला. मी उभाच होतो, आणि मग माझ्याच तोंडून माझ्याच आवाजात ते वाक्य निघालं. "मला नेव्हिलची जागा हवी आहे. चार वर्षांपासून हवी आहे. ती मला दे."

ग्लेन वळला. आधी त्याचे खांदे हलले आणि मग तो टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. डोळे पुसत म्हणाला, "जागा तुझी. शुद्धीवर आहे म्हणून सांगतो." मी दारापर्यंत पोचलो तेव्हा त्याने मागून हाक मारली. "गुरू, टॉडला सांगू नकोस हं."

घरी येऊन सांगितलं तर मृदुला म्हणाली, "म्हणजे मी सप्टेंबरात सांगितलं तेच केलंस. मधे फक्त गॅरेज रंगवायला लागलं." संध्याकाळी कुंपणावरून इवानने माझा केग परत दिला. मी सहज एका हाताने घ्यायला गेलो आणि खांदा निखळता निखळता राहिला. आत गळ्यापर्यंत त्याची वाइन होती. "माझी आई रिकामं भांडं कधी परत करत नसे," तो म्हणाला. सासूबाईंना हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यांनी 'सुसंस्कृत घर आहे' असा शेरा मारला आणि लगेच इवानच्या केगमध्ये आता काय भरायचं याच्या चिंतेत पडल्या. आगळ संपलं होतं. मी म्हणालो, मी बिअर लावतो.

पुढच्या शुक्रवारी नेव्हिलच्या निरोपाला सगळे जमले. ग्लेनने नवा टीम लीडर म्हणून माझं नाव घेतलं, टाळ्या झाल्या, टॉडने हात मिळवला आणि गोझेसाठी कुठलं यीस्ट वापरलं ते विचारलं. मी ग्लेनकडे पाहिलं. ग्लेन छताकडे पाहत होता. मग त्याने खिशातून व्हॅनची किल्ली काढली, माझ्या समोरून नेली आणि टॉडच्या तळहातावर ठेवली. "आज गुरू पिणार," तो म्हणाला. "काय देऊ, गुरू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी ग्लास पुढे केला आणि तोंड उघडून लेमोनेड मागितलं.